चालू करता येते, बंद करता येत नाही!

लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकणाऱ्या दुकानात 'बीटी 136' मागा. तीन पायांचा एक चिमुकला काळा तुकडा हातात पडेल. हा ट्रायॅक. गोल बटणाच्या डिमरमध्ये असाच एखादा बसलेला असतो. त्याच्या एका पायाला, म्हणजे गेटला, काही मिलिअँपिअरचा धक्का दिला की उरलेल्या दोन पायांमधून चार अँपिअरपर्यंतचा प्रवाह धावू लागतो. इथवर फारसं नवल नाही, ट्रान्झिस्टरही असंच काहीसं करतो. पण आता गेटचा धक्का काढून घ्या. प्रवाह थांबतच नाही! एकदा सुटला की गेटला तो जुमानत नाही.

हा हट्ट आला थायरिस्टरकडून. ट्रायॅकचा हा थोरला भाऊ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत 1957 मध्ये घडला. त्यात सिलिकॉनचे चार थर असतात: पी, एन, पी, एन. नीट पाहिलं तर हे एकमेकांत गुंतलेले दोन ट्रान्झिस्टरच. पहिल्याचा प्रवाह दुसऱ्याला जागं करतो, दुसऱ्याचा पहिल्याला, आणि मग दोघंही एकमेकांना झोपू देत नाहीत. प्रवाह एका किमान पातळीखाली घसरला, तरच ही जोडी शांत होते.

मग बंद न करता येणारी कळ घेऊन करायचं काय? बॅटरीवर खरोखरच पंचाईत होते. पण घरातली वीज एसी. सेकंदाला 50 आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. म्हणजे सेकंदाला 100 वेळा ट्रायॅक आपोआप मिटतो. आपल्या हाती उरतं एवढंच: दर वेळी त्याला किती उशिरा जागं करायचं.

सगळा डिमर या उशिरावर चालतो. अर्धं आवर्तन 10 मिलिसेकंदांचं. त्यात 5 मिलिसेकंद थांबून ट्रायॅक चालू केला, तर साध्या दिव्याला निम्मीच शक्ती मिळते. हा उशीर मोजायला घड्याळ लागत नाही. एक कपॅसिटर रेझिस्टन्समधून हळूहळू भरत जातो. त्यावरचा दाब साधारण 30 व्होल्टवर पोचला की डायॅक नावाचा दुसरा छोटा भाग एकदम वाहू लागतो आणि साठलेला विद्युतभार गेटवर रिकामा करतो. बटण फिरवून आपण फक्त रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे कपॅसिटर भरण्याचा वेग. पंख्याचे जुने धिप्पाड रेग्युलेटर नको असलेली वीज तापून उधळत, इथे ती घेतलीच जात नाही.

अर्थात फुकट काहीच नाही. प्रवाह असा मध्येच झटक्यात सुरू होतो म्हणून पंखा गुणगुणतो, जवळचा रेडिओ खरखरतो. एलईडी दिवा इतका कमी प्रवाह घेतो की ट्रायॅक अर्ध्यावरच मिटतो आणि दिवा लुकलुकतो.

हीच करामत अवाढव्य आकारात पाहायची असेल, तर चंद्रपूर ते पडघा ही वीजवाहिनी पाहा. 752 किलोमीटर लांब, 500 किलोव्होल्ट डीसी, क्षमता 1500 मेगावॅट. चंद्रपूरच्या टोकाला थायरिस्टरांच्या रांगा एसीचं डीसी करतात, पडघ्याला तशाच रांगा पुन्हा एसी करतात. दोन्हीकडे उपकरण एकच, फरक फक्त उशिराचा! पाव आवर्तनाच्या आत थायरिस्टर चालू केले तर वीज एसीकडून डीसीकडे जाते. त्याहून उशीर केला की तीच यंत्रणा उलट काम करू लागते, डीसीतली वीज एसीत ढकलते.

मात्र मूळची खोड इथेही सुटत नाही. पडघ्याचे थायरिस्टर बंद होतात ते तिथल्या एसी जाळ्याच्या दाबामुळे. तो दाब अचानक कोसळला, तर एका रांगेतला प्रवाह दुसरीकडे वळत नाही आणि वीज पोचवण्याचं काम तेवढ्यापुरतं अडतं. म्हणून अलीकडच्या काही डीसी वाहिन्यांत थायरिस्टरऐवजी आयजीबीटी नावाचे भाग वापरतात. ते गेटच्या हुकमावर चालूही होतात आणि बंदही.