‘पांढरा हत्ती’ आणि ‘श्वेत गज’ : एका भाषांतरित वाक्प्रचाराचा विचार

इंग्रजीतून मराठीत आलेल्या लाक्षणिक प्रयोगांपैकी ‘पांढरा हत्ती’ हा इतका रुळला आहे की तो मूळचा परका आहे अशी शंकाही वाचकास सहसा येत नाही. जिच्या उपयोगापेक्षा पालनाचा खर्च अधिक आणि जी सहजासहजी टाकूनही देता येत नाही, अशी वस्तू म्हणजे पांढरा हत्ती, हा त्याचा इंग्रजीतील रूढ अर्थ होय. त्याच्या मुळाशी सयामच्या राजाची एक कथा सांगतात. ज्या दरबाऱ्यावर राजाची खप्पा मर्जी होई, त्यास तो पांढरा हत्ती भेट देई. राजाची भेट नाकारता येत नसे, पवित्र प्राण्यास कामास जुंपता येत नसे, आणि त्यास पोसता पोसता तो दरबारी भिकेस लागे.

कथा चटकदार आहे. इतिहास म्हणून मात्र ती स्वीकारणे कठीण आहे. सयाम आणि ब्रह्मदेश या दोन्ही देशांत असा हत्ती म्हणजे राजत्वाचे लक्षण. रानात तो सापडल्यास राजाकडे जावयाचा, राजाकडून दरबाऱ्याकडे नव्हे. 1563 साली ब्रह्मी राजा बयिन्नौंग याने सयामवर स्वारी केली, तिचे निमित्तच मुळी पांढऱ्या हत्तींची मागणी नाकारली गेली हे होते. 1861 मध्ये सयामच्या राजाने श्वेतगजाच्या नावाने सन्मानपदक स्थापन केले, आणि 1917 मध्ये तिरंगी ध्वज येण्यापूर्वी त्या देशाच्या तांबड्या ध्वजावर हाच प्राणी होता. ब्रह्मदेशच्या ज्या राजघराण्यात ‘श्वेतगजाचा स्वामी’ ही पदवी मिरविली गेली, त्यातील शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहून 1916 मध्ये वारला, ही आठवणही येथे अप्रस्तुत ठरू नये. ज्याच्यासाठी राजे युद्ध मांडीत, ते शिक्षा म्हणून वाटले जात असेल हे संभवत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीने मात्र ही कथा उचलली आणि वाक्प्रचार रूढ झाला.

मराठीत येताना त्याचा अर्थ दोन प्रकारे बदलला. इंग्रजीत घरातील नकोशी फुलदाणीही पांढरा हत्ती ठरू शकते. धर्मादाय जत्रांत अशा वस्तूंच्या विक्रीचे एक निराळे दुकानच या नावाने मांडतात. मराठीत अशा वस्तूस ‘अडगळ’ हा शब्द पुरतो. आपला पांढरा हत्ती बहुधा सार्वजनिक पैशावर जगतो : तोट्यातील महामंडळ, रखडलेली योजना, बंद पडलेला कारखाना. दुसरा बदल क्रियापदाचा. ‘पोसणे’ या एका शब्दाने निरुपयोगितेवरील भर उठून तो खाण्यावर, म्हणजे खर्चावर, येऊन बसला. ‘टाकता येत नाही’ ही मूळ कल्पनेतील अर्धी बाजू मराठीत जवळजवळ लोपली.

परंतु खरा प्रश्न निराळाच आहे. मराठीचा स्वतःचा हत्ती वैभवाचा. दारी हत्ती झुलतात ते भाग्यवंताच्या. आनंद झाला की हत्तीवरून साखर वाटावयाची. ऐरावत शुभ्र आहे म्हणूनच इंद्राचे वाहन शोभतो. असे असता हा अशुभ अर्थ भाषेने विनातक्रार कसा स्वीकारला? याचे उत्तर ‘पांढरा’ या शब्दात असावे, असे आम्हांस वाटते. ‘पांढऱ्या पायाची’ हा सुनेवर लादलेला क्रूर शब्द आणि विधवेचे ‘पांढरे कपाळ’ यांत या विशेषणास अशुभाची छटा आधीच होती. ‘श्वेत’ला ती नाही. म्हणून इंग्रजीतील एकाच विशेषणाची मराठीत फाळणी झाली : शासन काढते ती ‘श्वेतपत्रिका’, दुधाची होते ती ‘श्वेतक्रांती’, परंतु तिजोरी खातो तो ‘पांढरा’ हत्ती. एखाद्या पांढऱ्या हत्तीविषयी श्वेतपत्रिका निघते, तेव्हा दोन्ही शब्द एका वाक्यात सुखाने नांदतात.

या फाळणीचे महत्त्व आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकास विशेष आहे. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत षड्दंत जातक चित्रित आहे. त्याचा नायक बोधिसत्त्व सहा सुळ्यांचा शुभ्र हत्ती आहे. सतराव्या लेण्यातच विश्वंतराची कथाही आहे. पाली कथेनुसार कलिंगात अवर्षण पडले. तेथील ब्राह्मणांनी पाऊस आणणारा शुभ्र हत्ती मागितला, राजपुत्र विश्वंतराने तो देऊन टाकला, आणि संतप्त प्रजेने त्यासच वनवासास धाडविले. दुष्काळ जाणणाऱ्या मराठवाड्यास प्रजेचा हा राग समजावून सांगावा लागू नये. सयामची कथा येथे नेमकी उलटी होते : भेटीने घेणारा नव्हे, देणारा देशोधडीस लागतो, आणि तोही हत्ती निरुपयोगी म्हणून नव्हे, अमूल्य म्हणून.

आता या प्रसंगाचे मराठी रूपांतर करताना ‘राजपुत्राने पांढरा हत्ती दान केला’ असे लिहून पाहावे. शब्दशः ते निर्दोष आहे, पण आजच्या वाचकास वाटेल की राजपुत्राने एक ब्याद शेजाऱ्याच्या गळ्यात बांधली; मग प्रजा रागावली का, हे त्यास कळणार नाही. येथे ‘श्वेत गज’ किंवा ‘शुभ्र हत्ती’ असेच म्हणावे लागते. उलटपक्षी, महामंडळाच्या ताळेबंदावरील लेखात ‘श्वेत गज’ लिहिल्यास तो उपहासही साधणार नाही.