सरकारी खरेदीतली एक अट

कायद्यांचा इतिहास लिहिला जातो, खरेदीच्या आदेशांचा सहसा नाही. हौसेने सरकारी कागदपत्रे वाचत आलेल्या माझ्यासारख्याला मात्र हे आदेश अधिक बोलके वाटतात. जनतेचा पैसा कोणत्या अटीवर खर्च झाला, ते त्यांतून कळते. अशाच एका अमेरिकी आदेशाची ही हकीगत.

१९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ ही ऐच्छिक खूण सुरू केली. पहिला मान संगणक आणि मॉनिटर यांना मिळाला. अट साधी होती : काही वेळ कोणी हात लावला नाही, तर यंत्राने आपोआप ‘झोपावे’ आणि झोपेत ३० वॉटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. लॅपटॉपमध्ये बॅटरी पुरवून वापरण्यासाठी हे तंत्र आधीच होते. टेबलावरच्या संगणकाला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळे. त्याची चिंता कोणी केली नव्हती.

चिंता का करावी, ते नमुन्यादाखल मांडतो. आठवड्याचे तास १६८. कचेरीचे काम ४० तास, उरले १२८. मॉनिटरसह १५० वॉट घेणारा संच त्या वेळी नुसता चालू राहिला, तर आठवड्याला सुमारे १९ युनिट जळतात. संगणक व मॉनिटर प्रत्येकी ३० वॉटवर झोपले, तर पावणेआठ. वर्षाचा फरक एका संचामागे सुमारे ६०० युनिट. पडद्यावर फिरणाऱ्या ‘स्क्रीनसेव्हर’ने ही बचत होत नाही, तो जुन्या काचेच्या पडद्यांवर डाग पडू नयेत म्हणून होता.

२१ एप्रिल १९९३ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी १२८४५ क्रमांकाचा आदेश काढला. १८० दिवसांनंतर संघराज्य सरकारची खाती जे संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर घेतील, ते एनर्जी स्टारच्या अटीत बसले पाहिजेत. कोणत्याही कारखानदारावर सक्ती नव्हती. पण एवढे मोठे गिऱ्हाईक कोण सोडणार? आणि सरकारसाठी वेगळा, बाजारासाठी वेगळा माल काढणे परवडणारे नव्हते.

मला या आदेशातले बारकावे महत्त्वाचे वाटतात. झोपेची सोय यंत्र कारखान्यातून निघतानाच चालू असावी. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात तिचा उपयोग सांगावा. सवलत घेतलीच, तर तिचा दरवर्षी अहवाल द्यावा. पुढे २००१ मध्ये बुश यांच्या आदेशाने ‘बंद’ अवस्थेतल्या उपकरणांसाठी एक वॉटचे उद्दिष्ट ठेवले. पक्ष बदलला, पद्धत टिकली.

तरीही बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कचेऱ्यांत रात्री फिरून मोजणी केली, तेव्हा कितीतरी संगणक जागेच सापडले. नेटवर्कच्या अडचणीमुळे किंवा रात्रीच्या कामांसाठी झोप बंद करून ठेवली जाई. घेताना घातलेली अट वापरताना कोणी सांभाळायची, हे ठरलेले नसले की असे होते.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, तारांकित लेबले २००६ पासूनची. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत अधिसूचित विद्युत उपकरणे ठरावीक तारांचीच घ्यावीत, असे सांगितले आहे. पण माझ्या वाचनात आलेल्या संगणकांच्या निविदांत प्रोसेसर, मेमरी, वॉरंटी असते आणि शेवटी सर्वांत कमी दर. विजेचा उल्लेख क्वचित. कारणही उघड आहे : खरेदी एका लेखाशीर्षाखाली, वीजबिल दुसऱ्या. स्वस्त यंत्र घेणाऱ्या टेबलापर्यंत त्याचे बिल पोहोचतच नाही.

ते बिल आपण भरतो. म्हणून माहितीच्या अधिकारात कोणाही नागरिकाने आपल्या गावच्या कचेरीला दोन प्रश्न विचारावेत : संगणक घेताना विजेची अट होती का, आणि असल्यास ती सोय आज चालू आहे का?