पाच फुटांना एक इंच

चार्ल्स डार्विन सुमारे सहा फूट उंच होता. ‘बीगल’ जहाजाच्या मागच्या अंगाला असलेल्या ज्या केबिनमध्ये तो वाचायचा, लिहायचा आणि झोपायचा, तिचं छत मात्र जेमतेम पाच फुटांवर होतं. रात्री नकाशांच्या टेबलावर झोळी टांगायची आणि पाय मावावेत म्हणून कपाटाचा एक खण बाहेर काढून ठेवायचा. हे सगळं मी वाचलं होतं. पण ती अडचण डोळ्यांना दिसली ती ‘बीगल’च्या मॉडेलच्या लाकडी किटमधली केबिन जुळवताना. किटचं प्रमाण १:६०, म्हणजे पाच फुटांना एक इंच. छत एका इंचावर, आणि त्याखाली सव्वा इंचाचा माणूस!

खरं ‘बीगल’ १८२० मध्ये लंडनजवळच्या वूलिचच्या गोदीत पाण्यात उतरलं. लांबी ९० फूट, रुंदी साडेचोवीस. २७ डिसेंबर १८३१ रोजी ७४ माणसं घेऊन ते प्लिमथहून निघालं आणि १८३६ च्या ऑक्टोबरात परतलं. ते सगळं जग माझ्या टेबलावर दीड फूट लांब आणि पाच इंच रुंद होतं.

खोका उघडला की जहाजासारखं काहीच दिसत नाही. प्लायवूडचा एक कणा, त्यात आडव्या बसणाऱ्या फासळ्या आणि लाकडी पट्ट्यांचे जुडगे. पट्ट्या अगदी सरळ, आणि जहाजात तर सरळ रेषा शोधून सापडत नाही. सगळी गंमत इथेच आहे. जहाजाचा घेर मध्यभागी मोठा असतो आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तो आक्रसत जातो. सारख्या रुंदीच्या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवत गेलं, तर पुढे त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करावी लागते: मध्ये पाच मिलिमीटर, नाळेशी तीन. एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडेच. एकच बाजू भरत गेलात तर कणा तिकडे ओढला जाऊन वाकतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

वाकवण्याचा भाग मला आजही जादूसारखा वाटतो. लाकडात सेल्युलोजचे चिवट धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. ओल्या लाकडाला शंभर अंशांच्या आसपास उष्णता मिळाली की लिग्निन मऊ पडतं, धागे वळायला तयार होतात. निवलं की ते नव्या आकारात घट्ट. जुन्या गोद्यांत फळ्या वाफेच्या लांब पेटीत ठेवत आणि एक इंच जाडीला एक तास वाफ, असा ठोकताळा असे. दीड मिलिमीटरच्या पट्टीला गरम पाण्यात काही मिनिटं पुरतात. पण बोटांखाली ती पट्टी अचानक सैलावते, तो क्षण गोदीतल्या सुतारांनाही ओळखीचा असणार!

माप लहान होतं, लाकडाचा स्वभाव होत नाही. मॉडेलला खरा ओक वापरला, तर त्याच्या ठळक रेषा साठपटीने मोठ्या वाटतील. जणू त्या फळ्या कुठल्या राक्षसी झाडाच्या आहेत. म्हणून किटमध्ये बारीक रेषांची लाकडं निवडतात, लाइम किंवा अक्रोडासारखी. खऱ्या डेकवर दोन फळ्यांच्या फटीत ताग कोंबून वर डांबर ओतायचे. इथे पट्टीच्या कडेवरून पेन्सिल फिरवली की ती काळी रेघ उमटते. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पातळ पत्रे चिकटवायचे; खऱ्या जहाजावर ते लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचावासाठी होते.

शेवटी दोरखंड. अर्ध्या मिलिमीटरचा धागा म्हणजे तीन सेंटिमीटर जाडीचा दोर. डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीची एकेक पायरी इथेही गाठ मारूनच बांधायची. शेकडो गाठी; आणि गाठ तीच, वेढे तेच, मोठी गाठ आणि छोटी गाठ असा भेदच नाही. त्या गाठी बांधताना मी तासन्‌तास रमलो.

फसवलं ते वजनाने. लांबी साठपट घटली की घनफळ २,१६,००० पट घटतं, आणि वजनही त्याच्यामागे जातं. खऱ्या जहाजावर दोराची गुंडाळी खुंटीला अडकवली की ती आपल्याच भाराने खाली लोंबते. धाग्याची गुंडाळी मात्र ताठ उभी राहते, तारेसारखी, कारण तिला खाली खेचण्याइतकं वजनच उरलेलं नसतं. म्हणून पातळ केलेला पांढरा गोंद कुंचल्याने लावायचा, आणि तो वाळेपर्यंत चिमट्याने धरून तिला लोंबायला शिकवायचं.