चरबीचा दाढीचा साबण : पारख कशी करावी?

दाढीचा साबण ही तशी लहानशी वस्तू. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा ती आपल्या तोंडाला लागते आणि तिच्यामागोमाग धारदार पाते फिरते. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याची कातडी आधीच रापलेली, घामाने व धुळीने हैराण झालेली असते. अशा कातडीवर हलका साबण लावून दाढी केली की आग होते, पुरळ उठते, मानेवर केस आत वळून बारीक फोड येतात. दोष मात्र नेहमी ब्लेडला दिला जातो. कित्येकदा तो साबणाचा असतो, आणि कित्येकदा पाण्याचा.

आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला असलेले नातलग सुट्टीवर येताना दाढीच्या साबणाच्या वड्या घेऊन येतात. त्यांतल्या काहींवर ‘नैसर्गिक टॅलो साबण’ असे छापलेले असते. टॅलो म्हणजे कढवून गाळलेली जनावराची चरबी. मुख्यतः गाई-बैलांची किंवा मेंढ्यांची. अलीकडे घरगुती साबण करणारेही असे साबण विकू लागले आहेत, आणि त्यांची किंमत साध्या वडीपेक्षा बरीच जास्त असते. तेव्हा पैसे टाकण्यापूर्वी वस्तू ओळखता आली पाहिजे. आमचे सांगणे थोडक्यात असे : वास, नाव आणि झटकन उठणारा फेस यांवर भुलू नये. टिकणारा फेस, पात्याखालचा निसरडेपणा आणि दाढीनंतर तासाभराने कातडीची स्थिती, या तीन गोष्टींवर साबण पारखावा.

चरबीच का?

युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखांत नारळ नाही; गुरे-मेंढ्या मात्र मुबलक. म्हणून तेथे मेणबत्ती आणि साबण दोन्ही चरबीचेच होत. या चरबीत नेमके काय असते, ते शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले आणि १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. चरबीत वेगवेगळी मेदाम्ले असतात. गाईच्या चरबीत सुमारे पाचवा हिस्सा स्टीअरिक आम्ल, चौथा हिस्सा पामिटिक आम्ल आणि ४० टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असते. मेंढीच्या चरबीत स्टीअरिक सहसा थोडे अधिक.

स्टीअरिक आणि पामिटिक यांचा साबण सावकाश फेसाळतो, पण तो फेस दाट असतो व लवकर बसत नाही. ओलेइकमुळे साबणाला मऊपणा येतो. खोबरेलाचे उलटे आहे. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. त्याचा फेस चटकन आणि भरपूर येतो, पण बुडबुडे मोठे व पोकळ असतात, आणि प्रमाण जास्त झाले तर कातडी कोरडी पडते. म्हणून चांगल्या दाढीच्या साबणात चरबी मुख्य आणि खोबरेल थोडे, अशी सांगड घालतात.

दुसरी गोष्ट क्षाराची. चरबी आणि क्षार एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. कॉस्टिक सोड्याने साबण कडक होतो. कॉस्टिक पोटॅशने तो मऊ होतो आणि पाण्यात सहज विरघळतो. आंघोळीची वडी बहुधा नुसत्या सोड्याची असते. दाढीच्या साबणात दोन्ही क्षार, किंवा नुसता पोटॅश वापरतात. त्यामुळेच ब्रश फिरवताच साबण पुरेसा उतरतो. आंघोळीच्या साबणाने दाढी केल्यास फेस गालावर वाळतो, त्याचे एक कारण हेच.

मुळात फेस हवा कशाला? दाढीचा कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की तो फुगतो, मऊ होतो आणि पुष्कळ कमी जोराने कापला जातो. साबण केसावरचा तेलकटपणा काढतो, फेस पाणी केसाशी धरून ठेवतो, आणि साबणाचा पातळ थर पात्याला घसरण देतो. ही तीन कामे जो करील तो साबण चांगला. मग तो पाच रुपयांचा असो की पाचशेचा.

वेष्टन वाचावे

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सोडियम टॅलोएट, पोटॅशियम टॅलोएट, पोटॅशियम स्टीअरेट ही नावे आरंभी असतील तर साबण खरोखर चरबीचा किंवा स्टीअरिकप्रधान आहे. टॅलोएट हा शब्दच नसेल आणि पामेट असेल, तर तो पाम तेलाचा साबण. तोही चांगला असू शकतो, पण चरबीचा म्हणून जादा पैसे देऊ नयेत. आरंभीच सोडियम लॉरिल सल्फेट दिसले तर फेस मुख्यतः त्या पदार्थाचा आहे असे समजावे.

काही कारखानदार साबणाऐवजी मूळ सामग्री लिहितात : टॅलो, खोबरेल, पाणी, कॉस्टिक पोटॅश. तेथे कॉस्टिकचे नाव वाचून घाबरू नये. साबण नीट झाला असेल तर तो क्षार चरबीत खपून गेलेला असतो. तसेच, परदेशांतील कित्येक जुन्या कंपन्यांनी डबी व नाव तेच ठेवून चरबीच्या जागी वनस्पती तेल घातले आहे. वडील वापरत होते तोच हा साबण, असे नुसत्या नावावरून समजू नये. प्रत्येक वेळी यादी वाचावी. ‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. खवट चरबीही नैसर्गिकच असते.

वडी पाहावी, हुंगावी

बिनरंगी चांगली वडी पांढरी किंवा हस्तिदंती असते. तिच्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके पडले असतील आणि जुन्या तळणीच्या तेलासारखा वास येत असेल, तर चरबी खवटली आहे. घरगुती साबणाला बकऱ्याचा उग्र वास येत असेल, तर चरबी नीट कढवलेली नाही. तीव्र अत्तराखाली असे वास लपवता येतात. म्हणून नाजूक कातडीच्या माणसाने कमी वासाची वडी निवडावी. सुगंधी द्रव्यांनीही कातडीला खाज सुटू शकते.

वरच्या अंगावर पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा सोड्याची राख असते, खरवडून टाकावी. वडी कापल्यावर आत पाणचट थेंब किंवा खडे दिसले, तर मात्र क्षार मोकळा राहिला आहे असे समजून ती तोंडाला लावू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण असते. ताज्या कापलेल्या कोरड्या भागावर त्याचा एक थेंब टाकावा. गडद गुलाबी रंग आला तर क्षार जास्त. रंग आला नाही किंवा अगदी फिका आला तर ठीक. हळदीवर ही परीक्षा होत नाही. हळदीचा डाग कोणत्याही साबणाने लाल होतो, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहेच.

फेसाची परीक्षा

ब्रश भिजवून झटकावा आणि वडीवर अर्धा मिनिट फिरवावा. मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत फेस घोटावा. आरंभी बुडबुडे मोठे दिसतील. घोटत गेल्यावर ते बारीक होत डोळ्यांना दिसेनासे व्हावेत आणि फेसाला चकाकी यावी. चांगला फेस चक्क्यासारखा घट्ट नसावा आणि ताकाच्या फेसासारखा पोकळही नसावा. फेटलेल्या सायीसारखा असावा. आता वाटी दहा मिनिटे तशीच ठेवावी. फेस बसला, तळाशी पाणी सुटले किंवा वर जाळी पडली, तर साबण कच्चा. मात्र निकाल देण्यापूर्वी पाणी कमी-जास्त करून दोन-तीनदा करून पाहावे. चरबीच्या साबणाला पाणी बरेच लागते, आणि नवखा माणूस ते कमी घालतो.

यानंतर थोडा फेस बोटांत घेऊन पुसावा व अंगठा घासून पाहावा. फेस गेल्यावरही निसरडेपणा उरला पाहिजे. गालावर पाते खरे तर या उरलेल्या थरावरच चालते. डोंगराएवढा फेस आला आणि बोटे करकरली, तर तो फेस नुसता देखावा.

साबण वाईट की पाणी वाईट?

ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण फुटतो आणि दह्यासारख्या कण्या होतात. अशा पाण्याला दुष्फेन, किंवा आपल्या बोलीत जड पाणी म्हणतात. स्टीअरिकप्रधान साबणाला याचा त्रास लवकर होतो. गोव्याकडच्या जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी सहसा हलके असते. घाटमाथ्यावरच्या व दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरवेलचे पुष्कळदा जड. म्हणून गोव्यातील पाहुण्याने वाखाणलेला साबण बेळगावच्या शेतमळ्यात निकामी वाटू शकतो.

पडताळा सोपा आहे. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीत स्वच्छ पावसाचे पाणी, दुसरीत आपल्या विहिरीचे पाणी भरावे. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. पहिलीत फेस आणि दुसरीत कण्या आल्या, तर साबण निर्दोष आहे. अशा घरी दाढीपुरते पाणी उकळून, निवळून घ्यावे. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरणाऱ्या पाण्याचा जडपणा उकळल्याने बराच कमी होतो. पावसाचे साठवलेले पाणी त्याहून बरे.

अर्धा चेहरा, एक आठवडा

शेवटचा निवाडा कातडीचा. उजव्या गालाला नवा साबण, डाव्याला नेहमीचा. ब्लेड तेच, पाणी तेच. असे आठवडाभर करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण-दोष कोणाचा ते कळत नाही. दाढीनंतर तोंड साध्या पाण्याने नीट धुवावे, कारण चांगला साबणही क्षारधर्मी असतो आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी. तासाभराने कोणता गाल ओढल्यासारखा वाटतो, कोठे लाली आहे, ते पाहावे.

खर्चाचा हिशेबही करावा. एका दाढीला एक-दीड ग्रॅम साबण जातो. दीड ग्रॅम धरला तर १०० ग्रॅमची वडी सुमारे ६६ दाढ्या पुरते. आठवड्याला तीन दाढ्या केल्यास पाच महिने. वडी पाण्यात पडू दिली नाही आणि दर वेळी वाळवून ठेवली, तरच हा हिशेब खरा.

घरची चरबी

फेस्ताला बोकड कापला की गुर्द्याभोवतीची पांढरी, कडक चरबी अनेकदा फुकट जाते. साबणाला हीच उत्तम. ती बारीक चिरून पाणी व थोडे मीठ घालून मंद आचेवर लोण्यासारखी कढवावी, गाळावी, थिजू द्यावी आणि तळाची बेरी खरवडून टाकावी. वास जाईपर्यंत हे दोन-तीनदा करावे. गोवंशाबाबतचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. म्हणून बोकड-मेंढीचीच चरबी घेणे सोयीचे.

साबण मात्र अंदाजाने करू नये. क्षार आणि चरबी काट्यावर तोलूनच घ्यावी लागते, आणि प्रमाण जाणकाराकडून शिकावे. पाण्यात कॉस्टिक टाकावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, आणि मुले दूर. तयार वडी चार ते सहा आठवडे वाळू द्यावी.

असा साबण दुसऱ्याला द्यायचा किंवा विकायचा असेल तर त्यात कोणत्या जनावराची चरबी आहे ते आधी स्पष्ट सांगावे. १८५७ साली काडतुसांच्या चरबीवरून काय झाले ते सर्वांना माहीत आहे. १९८३ साली वनस्पती तुपात आयात चरबीची भेसळ निघाली तेव्हाही देशभर गदारोळ उठला. आपल्याला जे चालते ते शेजाऱ्याला चालेलच असे नाही. गावच्या सलूनमध्ये सर्व जातिधर्मांची माणसे बसतात. तेथे असा साबण गुपचूप पोहोचवणे म्हणजे शेजाऱ्याचा विश्वास मोडणे होय.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

उत्तम साबणही बोथट ब्लेडला आणि दाबून फिरवलेल्या हाताला तारू शकत नाही. ब्लेड कधीही दुसऱ्याचे वापरू नये. कावीळ ब, कावीळ क आणि एड्सचे विषाणू रक्तातून पसरतात. सलूनमध्ये आपल्यासमोर नवे ब्लेड लावून घ्यावे, आणि सर्वांना फिरवलेला तुरटीचा खडा नको म्हणावे. पू धरणारे किंवा पसरणारे फोड असतील तर साबण बदलत बसू नये. काही दिवस दाढी बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

नवी वडी घरी आली की प्रथम यादी वाचावी, मग वडी हुंगावी, मग वाटीत फेस करून दहा मिनिटे ठेवावा, आणि शेवटी आठवडाभर अर्ध्या चेहऱ्यावर लावून पाहावी. एवढ्या चार परीक्षांत जी उतरेल तीच वडी पुन्हा विकत घ्यावी.