कपाशीच्या मुळातील भागीदार

मागावर तार वरचेवर तुटू लागली की मालेगाव-भिवंडीचे आमचे कारागीर बंधू सूतवाल्याला बोल लावतात, सूतवाला रुईच्या गाठींना. दोष कधी कधी त्याहून मागे, शेतातच झालेला असतो. कपाशीचे फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे बोंडातील तंतू लांबीने वाढतो. नेमकी त्याच वेळी पावसाने ओढ दिली आणि जमिनीत ओल राहिली नाही तर तंतू आखूड राहतो. आखूड तंतूचे सूत कमजोर. म्हणून कपाशी पाण्याचा ताण कशी सोसते, हा सवाल आम्हा कापडवाल्यांचाही आहे.

ताण सोसण्याच्या कामी कपाशीला जमिनीतील एक बुरशी मदत करते. तिला मायकोरायझा म्हणतात. हे नाव १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी दिले. बुरशी म्हटले की आपल्याला ओल्या गोदामातला खराब झालेला माल आठवतो, पण ही बुरशी वेगळी. ती मुळाच्या आत शिरते आणि मुळाच्या केसाहूनही बारीक धागे बाहेर मातीत पसरवते. जिथे मूळ पोचत नाही तिथून हे धागे स्फुरद, जस्त आणि थोडी ओलही आणतात. बदल्यात झाड आपण बनवलेल्या साखरेचा हिस्सा तिला देते. हा हिस्सा ४ ते २० टक्के असल्याचे शास्त्रज्ञांचे अंदाज आहेत. आपल्याकडे मुदारबतमध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते, तसाच हा मामला.

ही शिराकत मोडतेही लवकर. स्फुरदाचे रासायनिक खत भरमसाट टाकले की झाड बुरशीला विचारत नाही. घरबसल्या माल मिळाल्यावर दलालाला कोण पुसतो? शेत फार काळ पडीक ठेवले तरी बुरशी उपाशी मरते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनींत लांब पडीक काळानंतर पेरलेली पिके खुरटत. त्याचे कारण ही बुरशी घटणे हेच असल्याचे जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवले. मोहरी आणि कोबी ही पिके तर या बुरशीला थाराच देत नाहीत.

आता बाजाराची बाजू. कृषी दुकानांत 'मित्रबुरशी' म्हणून दोन जिनसा मिळतात आणि ग्राहक त्या एकच समजतो. दुसरी जिन्नस ट्रायकोडर्मा. ती मर आणि मूळकूज यांच्या रोगट बुरशीला दाबते. ती धान्यावरही वाढवता येते. मायकोरायझाला मात्र जिवंत मूळच लागते, त्यामुळे ती बनवणे अवघड आणि महाग. कायदाही वेगवेगळा आहे. मायकोरायझा खत नियंत्रण आदेश १९८५ खाली येते, तर ट्रायकोडर्मा कीटकनाशक कायदा १९६८ खाली. दुकान काढू पाहणाऱ्या बंधूंनी परवाने दोन्हीकडचे पाहावेत.

हा माल जिवंत आहे, हे विसरू नये. एका तालुक्याच्या गावी आम्ही भर मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या बाजूला या पाकिटांची थप्पी पाहिली. दुकानदार म्हणाला, "पावडरच तर आहे." वरून माल जसाच्या तसा, आतून मेलेला. त्याला हे ठाऊक नव्हते, पण ठाऊक असूनही असा माल विकणे म्हणजे दुधात पाणी घालण्यासारखेच. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे आणि मुदत संपलेले विकू नये.

वापरणाऱ्यासाठी दोन गोष्टी. कपाशीचे बियाणे बहुधा औषध लावूनच येते, म्हणून ट्रायकोडर्मा बियाण्याला चोळण्याऐवजी ओलसर शेणखतात मिसळून जमिनीत द्यावी, कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाबरोबर तर नकोच. मायकोरायझा मुळाजवळ पडली पाहिजे, वरून फवारून उपयोग नाही. जिथे जमिनीत मूळचीच बुरशी भरपूर आहे तिथे पाकिटाने फारसा फरक दिसत नाही. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्या शेताचा खर्च करू नये. चार ओळींना द्यावी, शेजारच्या चार कोऱ्या ठेवाव्यात आणि वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोलावा.