पावतीवरील नांव

कर्त्या पुरुषाचें तेरावें उरकतें न उरकतें तोंच घरमालकाचा मेहता दारीं येतो, आणि भाड्याची पावती यापुढें कोणाच्या नांवें, हा प्रश्न उभा राहतो. पागडीच्या बिऱ्हाडांतील पुष्कळ मंडळींचा समज असा, कीं वडिलांनीं मृत्युपत्रांत ज्याचें नांव घातलें त्याची जागा झाली. तसें नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडे-कायद्याखालील भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानें देतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं दिला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, मृत्युसमयीं कुटुंबांतील कोण भाडेकरूबरोबर राहत होतें, हें प्रथम पाहतो. तसें कोणी नसेल तरच इतर वारस. एकमत न झाल्यास न्यायालय ठरवितें. म्हणजे परगांवीं बिऱ्हाड थाटलेल्या थोरल्या चिरंजीवांच्या आधीं, वडिलांजवळ राहिलेल्या विधवा मुलीचा विचार होतो. (थोरल्यांस हें रुचत नाहीं, हें आम्ही जाणतों.) तिनें शिधापत्रिका, जुन्या पावत्या व मृत्यूचा दाखला जपावा, भावांची संमति लेखी घ्यावी. भाडें मात्र थकूं देऊं नये. मालकानें तें नाकारलें, तरी देऊं केल्याचा लेखी पुरावा ठेवावा. लीव्ह अँड लायसन्सनें घेतलेल्या घरांस यांतलें कांहीं लागू नाहीं. तेथें करारपत्रच काढून वाचावें.