बाळाची पहिली सुई

लासलगावच्या माय-भगिनींनो, पावाचे पीठ फुगवणारे यीस्ट तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्याच जातकुळीतले एक यीस्ट पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये 'ब' कावीळीची लस बनवते. विषाणूच्या वेष्टनातील एका प्रथिनाचा जनुक यीस्टच्या पेशीत घालतात. पेशी टाकीत वाढतात, ते प्रथिन तयार करतात; मग ते गाळून शुद्ध करतात. त्यात विषाणू नसतो. १९८१ साली आलेली पहिली लस रोग्यांच्या रक्तापासून करीत; १९८६ पासून यीस्टची आली.

बाळंतपणात हा रोग आईकडून बाळाला लागतो आणि पुढे यकृत पोखरतो. म्हणून पहिली सुई जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यावी. पुढची सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. कांद्याचा लिलाव उद्याही होईल. ही सुई मात्र आजच!